कोकणातील वडिलोपार्जित जमिनीचे पहिले रहिवासी रेखांकन : कोणत्या क्रमाने काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठच्या गावी आजोबांच्या नावाची ६४ गुंठे जमीन आहे. वरचा भाग कातळाचा, मधल्या उतारावर हापूसची जुनी कलमे आणि खालचा कोपरा खाडीच्या बाजूला उतरलेला आहे. सातबारा सामाईक असून त्यावरचे बरेचसे हिस्सेदार मुंबईत असतात. या जमिनीत पाच-पाच गुंठ्यांचे दहा-बारा प्लॉट पाडून काही घरात ठेवावेत आणि काही विकावेत, असा आपला विचार आहे. झोन म्हणजे नेमके काय, आधी बिनशेती करायची की आधी लेआउट (प्लॉटचे रेखांकन) मंजूर करून घ्यायचा, आणि सुरुवात कुठून करायची, हे आपण विचारले आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मोजणी आणि रेखांकनाच्या कामात अनेक वर्षे असल्याने माझे पहिले सांगणे असे की, किती प्लॉट पडतील हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. कोकणात पहिल्यांदा रेखांकन करणारी बहुतेक कुटुंबे कागदावर चौकोन आखून सुरुवात करतात, त्या चौकोनांवर नातेवाइकांना शब्द देतात, कधी बयाणाही घेतात, आणि मग एकेक अडचण समोर आली की त्या शब्दांतून बाहेर पडण्यात वर्षे जातात. जमीन कोणाची आहे, तिच्यावर कोणता वापर चालतो, तिथे गाडी कोणत्या हक्काने जाते आणि पावसाचे पाणी तिच्यावरून कुठे जाते, या चार गोष्टींची उत्तरे याच क्रमाने मिळाली पाहिजेत. त्यानंतर प्लॉटची संख्या आपोआप ठरते.

मालकीपासून सुरुवात करू. आजचा सातबारा ऑनलाइन काढून थांबू नका. त्यावर ज्या फेरफारांचे (हक्कांतील बदलांच्या नोंदींचे) क्रमांक आहेत, ते सर्व फेरफार आणि शक्य तितके जुने हस्तलिखित सातबारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नकलेसह काढा. कोकणातल्या जमिनींवर खोती (गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचे हक्क), कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा) आणि वाटण्या यांचे थर असतात. मुंबई खोती नाहीशी करण्याचा कायदा १९४९ सालचा, कूळकायदा १९४८ सालचा आणि कुळाला मालक मानण्याचा दिवस १ एप्रिल १९५७. या तिन्हींचे पडसाद आजच्या उताऱ्यावर एका ओळीत उरलेले असतात. 'इतर हक्क' या रकान्यात 'कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र' अशी ओळ दिसली, तर आपल्या पूर्वजांनी ती जमीन कूळ म्हणून विकत घेतलेली आहे, हे समजावे. अशा जमिनीच्या विक्रीला पूर्वी आधी परवानगी लागत असे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम ३२-म चे (कुळाने जमीन विकत घेतल्याचे) प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून हस्तांतर करता येते. रक्कम किरकोळ असते, परंतु ते प्रमाणपत्र घरात सापडत नाही आणि त्याची नक्कल मिळेपर्यंत पुढचे सगळे काम थांबते. म्हणून ते आजच शोधायला घ्या.

त्याच रकान्यात आणखी काही शब्द शोधावे लागतात. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर शासनाचे बंधन असलेली जमीन), देवस्थान इनाम, खाजगी वने, आणि सिंधुदुर्गात वनसंज्ञा (वन म्हणून नोंदलेली जमीन) किंवा आकारीपड (सारा थकल्याने सरकारकडे गेलेली जमीन). खाजगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि त्याच्या नोंदी कित्येक ठिकाणी फार उशिरा सातबाऱ्यावर चढल्या. कातळावर खैर-किंजळाचे रान असलेल्या जमिनीत ही शक्यता अधिक असते, त्यामुळे सातबारा कोरा असला तरी वनविभागाकडून लेखी अभिप्राय घेणे मी टाळत नाही. वन म्हणून नोंद असलेल्या जमिनीवर रेखांकन होत नाही. ही नोंद निघाली तर तिचा निकाल लागेपर्यंत इतर कशावरही पैसे घालू नका.

आता हिस्सेदारांबद्दल, कारण कोकणातील रेखांकने सर्वाधिक रखडतात ती इथेच. सामाईक सातबाऱ्यावरील जमिनीचे रेखांकन करायचे तर प्रत्येक हिस्सेदाराची संमती लागते. जुन्या उताऱ्यावर एका भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिलेले असते, म्हणजे तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला असतो. त्याच्या पाठीमागे इतर भाऊ, त्यांची मुले आणि बहिणी यांचा हक्क शिल्लक असतो. बहिणींच्या हक्काकडे विशेष लक्ष द्या. हिंदू वारसा कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच सहदायकी हक्क मिळाला आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. ज्या आत्यांची नावे वारसनोंदीत कधी लागलीच नाहीत, त्यांना विचारून, त्यांचा हिस्सा देऊन किंवा त्यांनी स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले तरच पुढे जा. हे कायद्याने आवश्यक आहे आणि न्यायाने तर आहेच. आत्याचे नाव वगळून केलेल्या रेखांकनातला प्लॉट विकत घेणारा माणूस पुढे तिच्या मुलांच्या दाव्यात अडकतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

हिस्सेदारांचे एकमत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग राहतो, आणि तो लांबचा आहे. कुलमुखत्यारपत्राबाबत एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मुंबईचे वडीलधारे हिस्सेदार गावच्या एका पुतण्याला मुखत्यारपत्र देतात, पण लिहून देणारा वारला की सर्वसाधारण मुखत्यारपत्र तिथेच संपते. अर्ज मंजुरीच्या टप्प्यावर असताना असे घडले तर वारसनोंद करून पुन्हा सह्या गोळा कराव्या लागतात. म्हणून वाटप आधी पूर्ण करून, ज्यांना रेखांकन करायचे आहे त्यांच्याच नावावर स्वतंत्र सातबारा आणणे, हाच खरा जवळचा रस्ता आहे.

वाटपाबरोबर मोजणी आली. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात ठेवा. आपल्याकडे हद्द म्हणजे गडगा (दगडी कुंपण), अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे, परंतु गडगे ढासळले की पुन्हा रचताना सोयीने सरकतात. मोजणीदाराने खुणा केल्यावर जांभ्याचा जुना गडगा एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला दहा-बारा फूट आत किंवा बाहेर आहे, असे दृश्य मी वारंवार पाहिले आहे. शेजाऱ्याच्या उपस्थितीत, त्याची सही घेऊन, त्याच दिवशी कायमचे दगड रोवून घ्या. नंतर प्लॉटधारकाने कुंपण घालायला घेतल्यावर हाच वाद निघाला, तर तो कितीतरी महागात पडतो.

आता झोन. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली प्रत्येक भागाची एक योजना असते. नगरपरिषदेच्या हद्दीत विकास योजना लागू होते. त्याबाहेरच्या गावांत आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्ग प्रादेशिक योजना आहे, तर रायगडची योजना वेगळी आहे. या योजनेच्या नकाशावर प्रत्येक सर्व्हे नंबरला एक विभाग दिलेला असतो : रहिवास, शेती, वन, औद्योगिक वगैरे. जिल्ह्याच्या सहायक संचालक, नगर रचना यांच्या कार्यालयात सातबारा आणि गावनकाशाची नक्कल देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. सर्व्हे नंबर मोठा असेल तर त्याचा एक भाग रहिवास विभागात आणि उरलेला शेती विभागात असू शकतो. म्हणून नुसत्या दाखल्यावर न थांबता विभागरेषा दाखवणारा भाग नकाशाही घ्यावा. सागरी महामार्गालगतच्या काही गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरणे नेमण्याच्या अधिसूचना निघालेल्या आहेत. आपले गाव त्यांपैकी एखाद्या यादीत आहे का, हेही त्याच भेटीत विचारा, कारण अर्ज कोणाकडे करायचा हे त्यावर ठरते.

बिनशेती आणि झोन या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि आपल्या प्रश्नातला मुख्य गोंधळ इथे आहे. झोन हा नगररचनेचा विषय आहे. जमिनीवर कोणता वापर चालू शकतो, हे तो ठरवतो. बिनशेती हा महसुलाचा विषय आहे. शेतीचा आकार भरणारी जमीन अकृषिक वापरात आली, याची ती नोंद आणि आकारणी आहे. पूर्वी महसूल संहितेच्या कलम ४४ खाली प्रत्येकाला जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र परवानगी मागावी लागे. गेल्या दहा-बारा वर्षांत ४२-ब, ४२-क आणि ४२-ड ही कलमे आल्यावर, योजनेत अकृषिक वापरासाठी दाखवलेल्या जमिनींबाबत आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींबाबत, योजना आणि विकास नियमावलीच्या अधीन राहून, रूपांतरण कर व इतर देय रक्कम भरून सनद (अकृषिक वापराचा अधिकृत दाखला) घेण्याची सोपी पद्धत सुरू झाली. या तरतुदी अजूनही बदलत आहेत. त्यामुळे अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय तहसील कार्यालयातून मागून घ्या आणि जुन्या फाइलवरून नवी फाइल तयार करू नका. क्रम मात्र पक्का आहे : झोन अनुकूल असेल तर रेखांकनाला मंजुरी, आणि त्याच्या आधारे अकृषिक आकारणी. झोन प्रतिकूल असताना पैसे भरून बिनशेती करून देतो, असे कोणी सांगत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला किंवा घरपट्टीचा उतारा ही रेखांकनाची मंजुरी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

आपला खालचा कोपरा खाडीकडे आहे, म्हणून सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) विचार झोनइतकाच महत्त्वाचा आहे. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५०० मीटर आणि भरतीचा परिणाम होणाऱ्या खाडीच्या काठाने ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतील जे कमी असेल तेवढा पट्टा या क्षेत्रात येतो. २०११ च्या अधिसूचनेत खाडीसाठी हेच अंतर १०० मीटर होते, आणि अनेकांच्या डोक्यात अजून तेच बसलेले आहे. ग्रामीण किनाऱ्याचे, म्हणजे सीआरझेड तीनचे, दोन प्रकार केलेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तिथे समुद्रकाठी ना-विकास पट्टा ५० मीटरचा, आणि कमी असेल तिथे २०० मीटरचा. कोकणातली बहुतेक गावे दुसऱ्या प्रकारात मोडतात. खाडीकाठी तिवरांचे रान हजार चौरस मीटरपेक्षा मोठे असेल तर त्याच्याभोवती आणखी ५० मीटरच्या पट्ट्याचा विचार करावा लागतो, आणि तिवरे तोडून किंवा भराव टाकून जागा मोकळी करणे हा गुन्हा आहे.

भरतीरेषा कुठे आहे, हे डोळ्यांनी ठरवायचे नसते. जिल्ह्याच्या मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन नकाशावर आपला सर्व्हे नंबर कुठे बसतो ते पाहावे लागते. रेषा जमिनीच्या आसपास असेल तर केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडून, उदाहरणार्थ चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या दूरसंवेदन संस्थेकडून, १:४००० प्रमाणाचा नकाशा करून घ्यावा लागतो. हा खर्च पहिल्यांदा ऐकताना जड वाटतो. परंतु या नकाशामुळे जमिनीचा कोणता भाग मोकळा आहे, हे कायमचे निश्चित होते, आणि पुढे प्रत्येक घर बांधणाऱ्याला त्याच नकाशाचा आधार मिळतो. सीआरझेड तीनमध्ये ना-विकास पट्ट्याच्या बाहेर जी घरे मान्य होतात, ती प्रामुख्याने गावठाण आणि कोळीवाड्यांतील परंपरागत हक्कांच्या संदर्भात, तळमजला अधिक एक मजला आणि ९ मीटर उंचीपर्यंत. बाहेरच्या ग्राहकांना विकण्यासाठी प्लॉट पाडण्याला ती तरतूद मोकळे दार देत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, सीआरझेडमध्ये येणारा कोपरा विक्रीच्या प्लॉटमध्ये घेऊच नये. तो झाडांसाठी राखून ठेवावा.

बाकीची बंधने थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या जमिनीला लागू असतील किंवा नसतील. राष्ट्रीय महामार्ग ६६ लगत जमीन असेल तर रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारतरेषा (तिच्या आत बांधकाम नाही) आणि ७५ मीटरवर नियंत्रणरेषा (तिच्या आत परवानगीनेच बांधकाम) असते. कोकण रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांसारख्या केंद्र-संरक्षित किल्ल्यांच्या भोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा पाहावी लागते. १:५ पेक्षा तीव्र उताराचा भाग बांधकामासाठी धरता येत नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे आपली कलमे स्वतःच्या जमिनीतली असली तरी विनापरवाना तोडता येणार नाहीत. तोडण्याआधी प्रत्येक कलम नकाशावर दाखवा. प्लॉटच्या रेषा थोड्या हलवल्या तर निम्म्याहून अधिक कलमे मोकळ्या जागेत आणि बांधांवर राहू शकतात, आणि फळे देणारे कलम असलेला प्लॉट घेणाऱ्यालाही आवडतो.

रस्त्याचा प्रश्न कोकणात विशेष कठीण आहे. वाडीत शिरणारी पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) किंवा बैलगाडीची पाणंद वापरात असली, तरी ती रेखांकनाचा पोचरस्ता ठरत नाही. सार्वजनिक रस्त्यापासून आपल्या हद्दीपर्यंत नियमावलीने सांगितलेल्या रुंदीचा, कागदोपत्री सिद्ध होणारा रस्ता लागतो. शेजाऱ्याच्या जमिनीतून गाडी जाते आणि तो काही बोलत नाही, एवढ्यावर विसंबू नका. त्याची पुढची पिढी बोलेल. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात, पण ती शेतीसाठी शेतात जाण्याची वाट असते. त्या वाटेवर रहिवासी प्लॉटची मंजुरी उभी राहत नाही. शेजाऱ्याकडून रस्त्याचा हक्क रुंदी, लांबी आणि सर्व्हे नंबरसह नोंदणीकृत दस्ताने घ्या, त्याची नोंद त्याच्या सातबाऱ्यावर चढवा आणि त्याला योग्य मोबदला द्या. मोबदल्याऐवजी एखादा प्लॉट देऊनही हे काम होते, आणि कित्येकदा तोच सर्वांना समाधान देणारा व्यवहार ठरतो.

यानंतर जमिनीचा उतार आणि पाणी. रत्नागिरीत एका पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि कातळावर पडलेले पाणी मुरायला वेळ न घेता खाली धावते. म्हणून नकाशा काढण्याआधी टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने समोच्च (समान उंचीच्या) रेषांची पाहणी करून घ्या आणि जुलै महिन्यात, भर पावसात, एकदा जमिनीवर उभे राहा. उन्हाळ्यात जिथे नुसती दगडांची घळ दिसते, तिथे तेव्हा पऱ्ह्या (पावसाळी ओढा) वाहत असतो. गुहागरकडच्या एका उतारावर झालेले काम सांगतो. तिथे प्लॉट जास्त बसावेत म्हणून रस्ता उताराला सरळ उभा काढला होता आणि वाटेतला पऱ्ह्या मातीने बुजवून त्यात एक सिमेंटचा पाइप टाकला होता. पहिल्याच मोठ्या पावसात पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला, पाणी डांबरावरून खाली आले, रस्त्याची कड तुटली आणि तांबड्या मातीचा लोंढा खालच्या वाडीतल्या गोठ्यात आणि पिण्याच्या विहिरीत गेला. कागदावरचे ते रेखांकन सर्व नियमांत बसणारे होते. खालच्या वाडीतले लोक मात्र त्या वर्षी दिवाळीपर्यंत पाणी लांबून आणत होते. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळीये गावात आणि २०२३ च्या जुलैत इरशाळवाडीत दरड कोसळून जे घडले, त्यानंतर कोकणातल्या उतारावर काम करणाऱ्या कोणालाही पाण्याकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार उरलेला नाही, असे मला मनापासून वाटते.

त्यामुळे रस्ता शक्यतो समोच्च रेषांना धरून, तिरका चढत न्या. दोन्ही बाजूंना जांभ्याची बांधीव गटारे करा. पऱ्ह्याला त्याची मूळ वाट ठेवून त्यावर पाइपाऐवजी पुरेशा रुंदीची मोरी बांधा. भरावाच्या चिरेबंदी भिंतींत पाणी निघायला भोके ठेवा. सांडपाण्याचाही विचार रेखांकनातच करावा लागतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते, पण जांभ्यातल्या पोकळ्यांतून पाणी फार लवकर झिरपते, म्हणून मी विहीर नेहमी चढाच्या बाजूला ठेवतो आणि मधले अंतर मानकापेक्षा बरेच जास्त राखतो. पाच गुंठ्यांच्या प्रत्येक प्लॉटमध्ये स्वतंत्र विहीर आणि स्वतंत्र शोषखड्डा, ही रचना कातळावर चालत नाही. एक सामाईक विहीर किंवा विंधन विहीर आणि वरची टाकी ठेवणे हितावह आहे. खाडीजवळ खोल विंधन विहीर घेतली तर एप्रिलनंतर पाणी मचूळ होण्याचा संभव असतो, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी पाण्याची तपासणी करून मगच टाकीची क्षमता ठरवा.

आता प्लॉटच्या संख्येकडे येऊ. ६४ गुंठे म्हणजे सुमारे ६,४७५ चौरस मीटर. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आपल्याकडे ती सुमारे ६४७ चौरस मीटर होईल. आतील रस्ता साधारणपणे ९ मीटरचा धरावा लागतो, आणि लांबी वाढली की रुंदीही वाढते. १२० मीटर लांबीचा रस्ता धरला तर १,०८० चौरस मीटर त्यात जातील, शिवाय रस्ता शेवटी बंद होत असेल तर गाडी वळवण्यापुरती जागा वेगळी. खाडीकडचा आणि तीव्र उताराचा कोपरा ७०० चौरस मीटरचा मानू. वजाबाकी केल्यावर सुमारे ४,०४८ चौरस मीटर, म्हणजे ४० गुंठे उरतात. पाच गुंठ्यांचा प्लॉट धरला तर आठ प्लॉट होतात. बारा प्लॉटसाठी ६० गुंठे लागतील, म्हणजे रस्ता आणि मोकळ्या जागेसाठी अवघे चार गुंठे. तेव्हा घरच्यांना आठचाच आकडा सांगा, आणि मोजणी व सीआरझेड नकाशा हातात आल्यावर तोही पुन्हा तपासा.

नियमांचा हा भार नको म्हणून दुसरी एक पद्धत आपल्याकडे सुचवली जाते. शेतजमिनीचा 'अविभक्त हिस्सा' खरेदीखताने द्यायचा आणि सोबत कोणाच्या तरी हातचा प्लॉटचा नकाशा जोडायचा. कृपा करून हे करू नका. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने रत्नागिरीसह बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही असे क्षेत्र, ठरवले आहे. नगरपालिका हद्दीतील जमिनी आणि प्रादेशिक योजनेत रहिवासासारख्या अकृषिक वापरासाठी दाखवलेल्या जमिनी यांना हा कायदा लागू होत नाही, पण शेती विभागातल्या जमिनीला होतो. शिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर कूळकायद्याच्या कलम ६३ चे बंधन आहे. असा हिस्सा घेणाऱ्याला स्वतंत्र सातबारा, बांधकाम परवाना किंवा बँकेचे कर्ज यांपैकी काहीही सहज मिळत नाही, आणि आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या जमिनीवर तो फक्त नावापुरता उभा राहतो.

सर्व तपासण्या अनुकूल निघाल्या, तर वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत रेखांकन सादर करा. आधी तात्पुरती मंजुरी मिळते. त्यानंतर जागेवर आखणी, रस्ते, गटारे, पाणी आणि विजेची कामे होतात, भूमी अभिलेख कार्यालय आखणीप्रमाणे मोजणी करते आणि मग अंतिम मंजुरी येते. कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातले बदल अभिलेखात नोंदवणारा कागद) होऊन प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा निघाला की हे काम खऱ्या अर्थाने पूर्ण होते. या सगळ्याला दोन पावसाळे धरून चला, आणि रस्ता एका पावसात टिकतो हे पाहूनच अंतिम मंजुरीसाठी जा. ट्रान्सफॉर्मर लागेल का, हे महावितरणला सुरुवातीलाच लेखी विचारा, कारण तो खर्च कोणीच आधी धरत नाही.

विक्रीबाबत महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) वेळीच पाहा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील नोंदणीची सूट ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीसाठी किंवा आठपर्यंतच्या सदनिकांसाठी आहे. आपली जमीन पहिल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे, आणि सदनिकांसाठी लिहिलेली आठची मर्यादा आपल्या आठ प्लॉटना आपोआप लागू होते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. वकिलाचा लेखी सल्ला घ्या किंवा सरळ नोंदणी करा. नोंदणी आवश्यक असताना तिच्याशिवाय जाहिरात करणे, बुकिंग घेणे किंवा बयाणा स्वीकारणे बेकायदेशीर आहे, आणि व्हॉट्सॲपवर गावच्या गटात टाकलेला नकाशा हीसुद्धा जाहिरातच आहे.

झोन दाखल्यावर 'शेती विभाग' आला तर निराश होऊन चुकीचा मार्ग धरू नका. नियमावलीनुसार गावठाणालगतच्या काही पट्ट्यात अधिमूल्य भरून रहिवासी विकासाची शक्यता असते, ती आपल्या गावाला लागू होते का हे नगर रचना कार्यालयात विचारा. ती नसेल तर किमान ०.४ हेक्टर जमिनीवर शेतघराची परवानगी मिळते, आणि ६४ गुंठ्यांत कुटुंबाचे एक चांगले शेतघर, राखलेली कलमे आणि २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदलेले छोटे केंद्र सहज बसते. नगररचना अधिनियमाच्या कलम २० खाली प्रादेशिक योजनेत फेरबदल मागता येतो, पण तो निर्णय शासनस्तरावर होतो. त्यावर भरवसा ठेवून कोणाला शब्द देऊ नये.

कामाचे वेळापत्रक आपल्या घरच्या वर्षाप्रमाणे आखा. फेरफार, ३२-म चे प्रमाणपत्र आणि झोन दाखला यांचे अर्ज आत्ताच द्या. जुलैत एकदा येऊन पाणी पाहा. गणपतीला मुंबईची मंडळी आणि माहेरवाशिणी घरी येतात, तेव्हा सर्व कागद मांडून वाटपावर बोला आणि जमल्यास संमतीच्या सह्या त्याच मुक्कामात घ्या. मोजणीचा अर्ज भाद्रपदातच देऊन ठेवला, तर भात कापून आणि गवत काढून झाल्यावर, दिवाळीनंतर, मोजणीदाराला जमीन मोकळी मिळते. समोच्च पाहणी त्याच महिन्यात उरकली की शिमग्यापर्यंत नकाशाचा पहिला आराखडा तयार होतो. तो घेऊन आधी खालच्या वाडीतल्या लोकांना दाखवा. पऱ्ह्याची वाट त्यांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते, आणि आराखड्यातील पहिल्या दुरुस्त्या बहुधा तेच सुचवतात.